खाडी सगळ्यांची, मग खाडीकडे जाणारी वाट कुणाची?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला किंवा नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या आसपास घर बघायला गेलात, तर दाखवणारा माणूस आधी गॅलरीत नेतो. समोर खाडी. त्या दृश्यासाठी चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजावे लागतात. खाडी बिल्डरच्या मालकीची नाही, हे घेणाऱ्याला कळतं आणि विकणाऱ्यालाही. पण इमारतीच्या मागच्या कुंपणाकडे जाणारा रस्ता आणि कुंपणालगतची जागा बऱ्याचदा आधी बिल्डरच्या आणि मग सोसायटीच्या ताब्यात असते. एक दिवस तिथे गेट लागतं. त्या वाटेने आजवर होडीकडे जाणारा कोळी, चिंबोऱ्या धरायला जाणारी पोरं आणि संध्याकाळी काठावर येऊन बसणारी म्हातारी माणसं गेटाबाहेर उभी राहतात.

मग भांडण होतं आणि त्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘खाडी काय कुणाच्या बापाची आहे का?’ आणि ‘आमची जागा आहे, आम्ही टॅक्स भरतो.’ दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा खरी असतात. तरी वाद सुटत नाही, कारण तीन निरनिराळे प्रश्न एकाच गाठीत बांधले जातात. जमीन कुणाची? तिच्यावर बांधता काय येईल? आणि तिच्यावरून जायची मुभा कुणाला? या तिन्हींचे कायदे वेगळे आहेत, कचेऱ्या वेगळ्या आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे कागद भरपूर आहेत. तिसऱ्यावर फार थोडे आहेत, आणि गेटावरचं भांडण नेमकं तिसऱ्याचं असतं.

जमीन कुणाची

सुरुवात भरतीरेषेपासून करावी लागते. रोजच्या भरतीला पाणी जिथवर येतं ती ही रेषा नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर चढतं, ती किनाऱ्याच्या नियमांतली भरतीरेषा. जुहूसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर ती डोळ्यांनी साधारण ओळखता येते. ठाण्याच्या खाडीत तसं जमत नाही. जवळपास २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या दोन्ही काठांना वाळू नाही, चिखल आणि खारफुटी आहे. उधाणाचं पाणी झाडांच्या मुळांतून, छोट्या छोट्या नाळ्यांतून आत सरकतं आणि कुठे थांबतं ते उभ्या माणसाला दिसतही नाही. म्हणून ही रेषा आता चेन्नईची राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र ही संस्था आखते आणि तीच अधिकृत मानली जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० सांगतं की समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीच्या खुणेखालचा तळ, नद्या, ओढे, तलाव, आणि त्याचबरोबर सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा, हे सारं राज्य सरकारच्या मालकीचं. अट एकच, ते कुणा खासगी व्यक्तीच्या कायदेशीर मालकीचं नसावं. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सरकारची ही मालकी लोकांच्या आधीपासून चालत आलेल्या वहिवाटीच्या हक्कांच्या अधीन आहे, मग ते हक्क सार्वजनिक असोत की एकेकट्याचे. म्हणजे खाडीचा तळ सरकारचा असला, तरी त्यावरून जाण्यायेण्याचा जुना हक्क त्यामुळे पुसला जात नाही.

‘खासगी मालकी नसेल तर’ ही अट मात्र आपल्या भागात मोठा गुंता करते. ठाणे-रायगडच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खारं पाणी अडवलं गेलं. आतल्या खाजणात भात पिकलं, कुठे मिठागरं झाली. या जमिनींना सर्व्हे नंबर पडले, सातबारे झाले. पुढे शेती परवडेना, बांधाची डागडुजी थांबली, एखाद्या उधाणाला खांडं पडली आणि पाणी आत आलं. दहा-पंधरा वर्षांत खारफुटी डोक्याच्या वर गेली. आज तिथे उभं राहिलं तर सगळीकडे खाडीच दिसते, सातबाऱ्यावर मात्र आजोबांचं नाव तसंच आहे. ‘भरतीचं पाणी येतं म्हणजे जागा सरकारची’ असं ठोकून देता येत नाही ते यामुळे. अशी जागा खरोखर खासगी असू शकते. मालकी आहे म्हणून तिथे भराव टाकता येईल असं मात्र नाही, आणि इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

काय बांधता येईल

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात, ते पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी आलं. २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ते बदललं. समुद्राच्या काठी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत त्याचा अंमल. खाडीकाठी हे अंतर कमी. २०११ च्या अधिसूचनेत खाडीसाठी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी ते धरलं होतं. २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. ठाणे आणि नवी मुंबई ही जवळजवळ पूर्णपणे खाडीकाठची शहरं असल्यामुळे हा बदल आपल्याला सगळ्यात जास्त लागू पडतो. पट्टा अर्धा झाला की तेवढी जमीन बांधकामाला मोकळी होते, आणि काठाकडच्या जुन्या पायवाटा असतात नेमक्या त्याच पट्ट्यात.

शहरातल्या विकसित भागात ढोबळ नियम असा की आधीपासून असलेला रस्ता किंवा अधिकृत बांधकाम यांच्या जमिनीकडच्या बाजूला बांधा, पाण्याच्या बाजूला नाही. खारफुटीचा नियम याहून कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशात आणि मग १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीची तोड राज्यभर थांबवली, आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. जमीन कुणाचीही असो. खाजणाच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकालाही हे लागू आहे.

हे सगळं बांधकामाबद्दल झालं. सीआरझेड वाचून ‘मला खाडीपर्यंत जायचा हक्क आहे’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. तसं त्यात सरसकट लिहिलेलं नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेल आणि रिसॉर्टसाठी १९९१ पासून एक स्पष्ट अट आहे: दोन रिसॉर्टांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची, आणि कुंपण घातलं तरी लोकांची ये-जा अडता कामा नये. उत्तम नियम आहे. पण तो रिसॉर्टसाठी लिहिलेला. खाडीकाठी चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहतात, शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये किती मीटरवर लोकांची वाट असावी याची अशी थेट अट तिथे नाही. माझ्या मते आपल्या शहरांपुरती या नियमांतली सगळ्यात मोठी फट हीच आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोव्याचा किनारा होता, ठाण्यातल्या कोलशेतची खाडी नव्हती.

जायची मुभा

आता तिसरा प्रश्न. इथे कायदा तुकड्यातुकड्यांत सापडतो आणि ते जोडून घ्यावे लागतात.

पहिला तुकडा सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निकालातला. प्रकरण हिमाचलमधलं, बियास नदीच्या काठच्या एका मोटेलने नदीचा प्रवाहच वळवल्याचं. न्यायालयाने तिथे सार्वजनिक विश्वस्त तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं ठरवलं. हवा, वाहतं पाणी, समुद्र, त्याचा किनारा या गोष्टी सगळ्यांच्या आहेत. सरकार त्यांचं मालक असलं तरी विश्वस्त या नात्याने आहे, त्यामुळे त्या खासगी फायद्यासाठी कुणाला देऊन टाकता येत नाहीत. या तत्त्वाने सरकारवर जबाबदारी टाकली. खासगी भूखंडातून वाट मात्र आपोआप निघत नाही.

दुसरा तुकडा आपल्या वादाच्या जास्त जवळचा. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर एका पंचतारांकित हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून दिली होती. करारात अट होती की किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट कायम खुली राहील. पुढे बांधकाम त्या वाटेवर आलं. उच्च न्यायालयाने ते पाडायला सांगितलं आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. नंतर गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बांधकाम वाचवायचा मार्ग काढला, तो पुढचा भाग. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की तिथे लोकांच्या हातात कागद होता. ‘वाट खुली ठेवू’ असं करारात लिहिलेलं होतं म्हणून न्यायालयाला त्यावर बोट ठेवता आलं.

कागद नसेल तर वहिवाट सिद्ध करावी लागते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे एखाद्या जमिनीच्या मालकाने शेजारच्या जमिनीतून २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून वाट वापरली, तर ती वाट त्याच्या हक्काची होते. जमीन सरकारची असेल तर हीच मुदत ३० वर्षांची. पण हा हक्क जमिनीला जोडलेला असतो. कोळीवाड्यातल्या अख्ख्या समाजाची होडीकडे जाणारी वाट या साच्यात नीट बसत नाही. तिला रूढीचा आधार घ्यावा लागतो. रूढी जुनी असली पाहिजे, अखंड चालत आलेली असली पाहिजे, नेमकी सांगता आली पाहिजे आणि वाजवी असली पाहिजे. ‘आम्ही कुठूनही जायचो’ म्हटलं तर न्यायालयात टिकत नाही. ‘वडाच्या झाडापासून जुन्या धक्क्यापर्यंत, या बांधावरून’ असं सांगता आलं तर टिकू शकतं.

दुसऱ्या बाजूला राज्यघटनेचं कलम ३००अ आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घेता येत नाही. जिथे कधी वाट नव्हतीच, तिथे ‘खाडी सगळ्यांची’ म्हणून कुणाच्या भूखंडातून नवी वाट काढता येणार नाही. विकास आराखड्यात आरक्षण टाकावं लागेल, जमीन रीतसर घ्यावी लागेल, मोबदला द्यावा लागेल. अमेरिकेतही हा पेच याच ठिकाणी अडला. कॅलिफोर्नियात किनाऱ्याच्या वाटांसाठी १९७६ पासून खास कायदा आहे. तरी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर बांधायच्या परवानगीच्या बदल्यात मालकाकडून फुकटात वाट मागता येणार नाही, त्या बांधकामाने होणाऱ्या अडचणीशी त्या वाटेचा नेमका संबंध दाखवावा लागेल. मालकाची बाजू कमकुवत आहे असं समजून कुणी या वादात उतरू नये.

वाट पुसली कशी जाते

गेट लागणं ही शेवटची पायरी. वाट त्याच्या बऱ्याच आधी कागदावरून गेलेली असते.

जुन्या गाव नकाशावर पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयात हे नकाशे मिळतात. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाणं तेवढी मागे राहिली. सर्व्हे नंबर जाऊन सेक्टर आणि प्लॉट आले. नवा आराखडा मोकळ्या कागदावर आखल्यासारखा आखला गेला, त्यात रुंद रस्ते आले, पण गावठाणापासून खाडीपर्यंतची तुटक रेघ नव्या नकाशावर उतरवून घेण्याचं काम सगळीकडे झालं नाही. सारसोळे, करावे, दिवाळे, वाशीगाव, दिवा अशा गावांतल्या लोकांच्या पायांना वाट माहीत होती, त्यामुळे ती पुढची कित्येक वर्षं वापरात राहिली. भूखंड रिकामा होता तोवर कुणी अडवलं नाही. भूखंडावर इमारत झाली तेव्हा अडचण उघडी पडली, आणि तोवर विकत घेणाऱ्याच्या कागदात त्या वाटेचा मागमूस नव्हता. फ्लॅट घेणाऱ्याचा यात काही दोष नाही.

ठाण्यात रीत निराळी, परिणाम तोच. बाळकुम-कोलशेतच्या पट्ट्यात शेतांच्या जागी कारखाने आले, कारखाने बंद पडून मोठे गृहप्रकल्प आले. कारखान्याच्या काळात कुंपण होतं, तरी कामगार आणि गावकरी एकमेकांना ओळखत आणि बाजूच्या फटीतून लोक जात-येत. संकुल आल्यावर ओळख संपली.

सार्वजनिक कामंसुद्धा वाट तोडतात, हेही सांगायला हवं. पाम बीच रस्ता गावं आणि खाडी यांच्या मधून गेला. सारसोळ्याच्या कोळ्याला जेट्टीवर जायचं तर भरधाव गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. बाळकुम ते गायमुख किनारी मार्गाचा आराखडा आहे. त्या मार्गाखालून होडी, जाळी, डोक्यावरची पाटी घेऊन माणूस जाईल एवढे भुयारी रस्ते कुठे आणि किती, हे आत्ता नकाशावर ठरवलं नाही तर नंतर ठरवता येणार नाही. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या कामावरून वाशीगावच्या मच्छीमार संस्थेला उच्च न्यायालयात जावं लागलं. ऑगस्ट २०२१ च्या निकालात न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांचा रूढीने आलेला हक्क आणि त्यांचा उपजीविकेचा हक्क मान्य केला, आणि भरपाईचं धोरण आखायला सांगितलं. त्या निकालाचा आधार वाटेच्या मागणीलाही घेता येतो. मासेमारीचा हक्क मान्य असेल तर मासेमारीच्या जागेपर्यंत पोचण्याचा हक्क त्यात आलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

गेटावरचं रजिस्टर

समेट म्हणून बहुतेक ठिकाणी एकच तोडगा पुढे येतो: ‘गेट राहील, पण सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवू, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि जा.’ वरवर वाजवी वाटतो. फिरायला जाणाऱ्यासाठी आहेही. कोळ्यासाठी मात्र तो जवळपास निरुपयोगी आहे, आणि का ते समजून घ्यायला पंचांग पुरतं.

आपल्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा, खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. आता द्वादशीचं बघा. नऊला भरती म्हणजे तीनला ओहोटी, दुपारी तीन आणि पहाटे तीन. चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या काढणाऱ्या बाईला ओहोटी लागते. होडी बाहेर काढायची तर पाणी लागतं, कारण ओहोटीला होडी चिखलात बसते. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्याची वेळ आणखी वेगळी. यांच्यातल्या प्रत्येकाला महिन्यातले काही दिवस अपरात्रीच जावं-यावं लागतं. सहा ते दहा हे घड्याळ फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं आहे. खाडी त्या घड्याळाने चालत नाही.

आणि ते रजिस्टर. त्यात नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, वेळ आणि फ्लॅट नंबर असे रकाने असतात. ‘मावशी, कुठल्या फ्लॅटला जायचंय?’ असं वॉचमन विचारतो, तो त्याची नोकरी करतोय. मावशीच्या हातात रिकामी पाटी आहे आणि तिला कुठल्याच फ्लॅटला जायचं नाही. फ्लॅट नंबरचा रकाना तिच्यासाठी कोराच राहतो. तो भरल्याशिवाय सोडायचं नाही असा हुकूम असेल तर तिची ओहोटी गेली, म्हणजे तो दिवस गेला.

सोसायटीची बाजूही बाजूला सारण्यासारखी नाही. रात्री अनोळखी माणसं आत येतात, चोऱ्या होतात, काठावर दारूच्या बाटल्या फुटतात, मध्येच कुणी डेब्रिजचा डंपर रिकामा करून जातं आणि नोटीस सोसायटीला येते. मुलं खेळतात त्या अंगणातून अहोरात्र रहदारी कुणालाच नको असते. यावर चालण्यासारखा उपाय आहे आणि तो अवघड नाही: वाट अंगणातून न नेता भूखंडाच्या कडेने, दोन कुंपणांच्या मधून न्यायची. दोन-तीन मीटर रुंद, दिवे असलेली, दोन्ही टोकांना गाडी शिरणार नाही असे खांब लावलेली, आणि देखभाल महापालिकेची. गेट नाही, रजिस्टर नाही. सोसायटीचं आवार बंद, वाट उघडी. ही पट्टी मंजुरीच्या वेळीच नकाशात घेतली तर बिल्डरचं फारसं बिघडत नाही. इमारत झाल्यावर तीच काढायची म्हटलं तर पार्किंग, पंप रूम, सोसायटीची सर्वसाधारण सभा, सगळंच आडवं येतं.

लोक म्हणजे कोण

‘लोकांना खाडीवर जाऊ द्या’ म्हणताना त्या लोकांमध्येही फरक करावा लागतो. होडीकडे जाणारा कोळी आणि सूर्यास्ताचे फोटो काढायला आलेली मंडळी, दोघेही नागरिक आहेत, पण दोघांचा हक्क एका तोलाचा नाही. एकाच्या मागे रूढी आणि उपजीविका आहे. वाट अरुंद असेल आणि दोघांपैकी एकालाच आधी सोडायचं असेल, तर कोळीवाड्याला आधी सोडावं.

खाडीपर्यंत सगळीकडे सगळ्यांना मोकळीक हीसुद्धा माझी मागणी नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीनेच जायचं. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो बघता येतात ते योग्यच आहे. खारफुटीतून वाट काढणं म्हणजे खारफुटी तोडणं, आणि ‘जनतेसाठी’ म्हणून काठावर काँक्रीटचा जॉगिंग ट्रॅक ओतला की चिखलातलं सगळं जीवन मरतं, मग कोळ्याला तिथे काय मिळणार? गायमुखसारख्या ठिकाणी, जिथे काठ आधीच वापरात होता, तिथे चौपाटी करायला हरकत नसावी. शहराला बसायला जागा हवीच. पण चौपाटी झाली म्हणून कोळीवाड्याची जुनी वाट बंद करायची असा व्यवहार होत असेल तर तो खोटा आहे. चौपाटीवर होडी लावता येत नाही.

हातात काय आहे

तुमच्या भागात अशी वाट असेल आणि अजून उघडी असेल, तर काम करायची वेळ आत्ताच आहे. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा आणि ती आजच्या विकास आराखड्यावर ठेवून बघा. तुटक रेघ कुठल्या प्लॉटवर पडते ते दिसेल. नवी मुंबईत बहुतेक भूखंड सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेले आहेत, म्हणजे मूळ मालक सिडको आणि अटी भाडेपट्ट्यात. तो भाडेपट्टा माहितीच्या अधिकारात मागा. गोव्याच्या प्रकरणात निर्णायक ठरली तशी अट त्यात असू शकते. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तिचं पत्र आणि अटी सार्वजनिक असतात. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तंही बघायला मिळतात. एखाद्या प्रकल्पाला ‘ये-जा अडवू नये’ अशी अट घातली असेल तर ती तिथे सापडेल, आणि बहुतेक वेळा ती सोसायटीतल्या रहिवाशांनीही कधी वाचलेली नसते.

याच्या जोडीला वापराचा पुरावा. उपग्रहाची जुनी छायाचित्रं संगणकावर वर्षावार बघता येतात आणि मळलेली पायवाट त्यात बारीक पांढऱ्या रेघेसारखी उमटते. मच्छीमार सोसायटीची जुनी रजिस्टरं, होड्यांचे परवाने, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचे फोटो, ज्यात मागे धक्का दिसतो. गावातल्या वयस्क माणसांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर घेऊन ठेवा, पुढे ढकलू नका. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आज सहज मिळतं, त्यात त्या काळच्या बंदरांची आणि खाड्यांची वर्णनं आहेत. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १६५ मध्ये गावातल्या वाटांच्या आणि मासेमारीच्या रूढींची नोंद करायची तरतूदही आहे. ती खासगी जमिनी आणि खासगी पाण्यापुरती आहे, म्हणजे खाजणाच्या सातबाऱ्यांच्या बाबतीत नेमकी उपयोगी. जिल्हाधिकाऱ्यांकडे त्या नोंदीची लेखी मागणी करता येते. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा ‘खाडीकिनारा वाचवा’ असं मोघम निवेदन देऊ नका. सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि नकाशावर लाल शाईने काढलेली वाट, एवढंच द्या. सुनावणीला बसलेल्या अधिकाऱ्याला त्यावर निर्णय देता येतो.

आणि गेट लागलंच, तर त्याच दिवशी तारखेसह फोटो घ्या, दोन पंचांच्या सह्यांनिशी नोंद करा, सोसायटीला आणि महापालिकेला लेखी कळवा, पोच घ्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ मध्ये शेतजमीन आणि मासेमारीच्या जागा, तसंच तिथे जाणाऱ्या रूढ वाटा यांच्या अडथळ्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येतं. दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि लवकरचा आहे, पण अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. गेट लागलेल्या बऱ्याच ठिकाणी लोक सहा महिने नगरसेवकाच्या कार्यालयात हेलपाटे मारण्यात घालवतात. आधी तहसील कार्यालयात अर्ज द्या, शिक्का मारून घ्या, मग नगरसेवकाकडे जा.